दाणे टाकले आणि पारवे आले: खानदेशातल्या एका अंगणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातपुड्याच्या पायथ्याचं, चोपडा-शिरपूर पट्ट्यातलं एक मोठं गाव. गावाबाहेर नवी कॉलनी, तीस बाय साठचे प्लॉट, निम्मे अजून रिकामे. त्यातल्या कोपऱ्याच्या प्लॉटवर कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी घर बांधलं. त्यांना इथे आप्पा म्हणू आणि त्यांच्या पत्नीला जिजी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. झाडं, पक्षी आणि वादावादी मात्र आहे तशी ठेवली आहे.

घराच्या मागे कडुनिंब आहे, प्लॉट पडण्याआधी शेताच्या बांधावर होता तोच. पूर्वेला रिकामा प्लॉट, त्यात बाभूळ, एक बोर, घाणेरी आणि पावसाळ्यात कंबरभर गवत. पुढच्या कुंपणावर बोगनवेल. बाकीचं अंगण म्हणजे बांधकामात पसरलेला मुरूम, दाबून घट्ट झालेला.

आप्पांची इच्छा एवढीच, की सकाळी ओट्यावर चहा घेताना रंगीत पाखरं दिसावीत आणि त्यांचं गाणं कानावर यावं. त्यांनी यादीही केली होती: हळद्या, लाल मुनिया, स्वर्गीय नर्तक, नवरंग. गच्चीवरून सातपुडा दिसतो, मग तिथली पाखरं इथे का येऊ नयेत, हा त्यांचा हिशोब. खानदेशात पक्ष्यांचा विषय निघाला की रानपिंगळा निघतोच. १८८४ नंतर ज्याची खात्रीशीर नोंद नव्हती तो पिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला, ही हकीकत आप्पांना पाठ होती, आणि आपल्या भागात काहीही सापडू शकतं हा विश्वास त्यातून आला होता. पण रानपिंगळा सागाच्या जंगलातला पक्षी. कॉलनीच्या अंगणात कोण येणार हे डोंगर किती जवळ आहे यापेक्षा अंगणात आणि आसपासच्या दोन-चार प्लॉटमध्ये काय आहे यावर ठरतं.

अडचण

मी या भागात पक्षी पाहत फिरतो हे कळल्यावर आप्पांनी बोलावलं तेव्हा दोन गोष्टी आधीच झालेल्या होत्या.

पहिली म्हणजे दाणे. गच्चीच्या कठड्यावर ज्वारी, गहू, तांदळाची कणी रोज पसरली जायची. सुरुवातीला चिमण्या आल्या, मग होले आले, आणि महिन्याभरात पारव्यांनी गच्ची ताब्यात घेतली. पारवे बसले की चिमण्यांना जागाच उरत नव्हती. सोलरच्या पॅनेलवर विष्ठेचे थर, सांडलेल्या दाण्यावर रात्री उंदीर. शेजारणीला दमा होता. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ अशा माणसाला खरोखरच बाधते, त्यामुळे तिची तक्रार निव्वळ कुरकुर नव्हती.

दुसरी गोष्ट मुलाने पुण्याहून मागवून पाठवलेलं लाल प्लास्टिकचं भांडं. त्यात साखरेचं पाणी भरायचं आणि पाखरं येऊन पितात, असं खोक्यावरच्या चित्रात दिसत होतं. चित्रातला पक्षी हमिंगबर्ड होता. तो फक्त अमेरिका खंडांत असतो. आप्पांच्या अंगणात त्या भांड्यावर मुंगळे आले, मधमाश्या आल्या, आणि एप्रिलच्या उन्हात साखरपाणी दुपारपर्यंत आंबून फेस धरायचं.

म्हणजे खर्च झाला, शेजार दुखावला, आणि ज्या रंगांसाठी हे सगळं केलं त्यांतला एकही आला नाही. आप्पांचा प्रश्न होता, "भाऊ, यांना अजून काय खायला घालायचं?"

समोर असलेले पर्याय

यादीतल्या पाखरांकडे एकदा नीट पाहिलं की त्या प्रश्नाचं उत्तर वेगळ्याच बाजूला जातं. हळद्या फळं आणि किडे खातो. स्वर्गीय नर्तक हवेतले किडे टिपतो. नवरंग पाचोळा उलटून त्याखालचे किडे शोधतो. यादीत नसलेला शिंजीर, फुलांवर येणारा चिमुकला पक्षी, फुलातला मध पितो आणि कोळी, बारीक किडे खातो. दाण्यावर जगणाऱ्या मुनिया तेवढ्या, आणि त्याही गवताचं बारीक बी पसंत करतात. गहू त्यांच्या चोचीला मोठाच. म्हणजे कठड्यावरचा दाणा यादीतल्या जवळपास कुणाच्याच कामाचा नव्हता.

घरात तीन मतं होती. दाणे वाढवून पारव्यांना हाकलत राहायचं, हे आप्पांचं. सगळं बंद करून अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि चार शोभेची ताडं लावायची, हे मुलाचं. जिजींचं मत कुणी विचारलं नव्हतं. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पह्यले पानी ठेवा, दाना मंग." त्यांच्या माहेरी शेतात विहिरीजवळच्या डोणीवर पाखरं जमायची, तेवढ्यावरून त्या बोलत होत्या. उरलेली सगळी आखणी या एका वाक्याभोवती झाली.

नातवाचाही एक पर्याय होता: आठवडी बाजारात मुनिया विकायला येतात, त्यातल्या दोन आणू. त्याला आप्पांनी स्वतःच नकार दिला. देशी रानपक्षी पकडणं, विकणं आणि पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, आणि बाजारातल्या मुनियांचे हिरवे-गुलाबी रंग अनेकदा रंगवलेले असतात.

निर्णय १: दाणे बंद करायचे का?

सल्ला देणं सोपं होतं, पण पाखरांना दाणा घालणं हा जिजींचा नेम होता. तो तोडायला सांगितलं असतं तर पुढचं एकही काम त्यांच्या मनापासून झालं नसतं, आणि पाणी भरणाऱ्या त्याच होत्या.

तोडगा जुन्याच रीतीत सापडला. दाणे पसरण्याऐवजी बाजरीची कणसं पातळ सुतळीने ओट्याच्या छताला टांगली. चिमणी कणसाला लटकून दाणा सोलते, मुनियाही लटकतात. पारव्याला मात्र असं लोंबकळता येत नाही. खाली ताट ठेवलं, म्हणजे सांडलेलं संध्याकाळी उचलता येतं. गच्चीवरचा दाणा पूर्ण बंद.

पारवे लगेच गेले नाहीत. काही आठवडे ते कठड्यावर येऊन बसत, आणि आप्पांना दोनदा-तीनदा मूठभर ज्वारी टाकायचा मोह झाला. जिजींनी तो डबाच आत ठेवून दिला. शेजारणीला आधी सांगून ठेवलं होतं की फरक पडायला वेळ लागेल, आणि ते सांगितलं म्हणून तिने तेवढा धीर धरला.

निर्णय २: पाणी कुठे आणि कसं

इथे अंगणाने आधीच उत्तर दिलेलं होतं, फक्त कुणी पाहिलं नव्हतं. मार्च संपता संपता खानदेशात घरोघरी कूलर सुरू होतात. आप्पांच्या बेडरूमच्या खिडकीबाहेरच्या कूलरचा पाइप थेंब थेंब गळत होता आणि भिंतीच्या कडेला सुपाएवढी ओल झाली होती. भर दुपारी, पारा ४४-४५ अंशांवर असताना, तिथे लालबुड्या बुलबुलांची जोडी, एक शिंपी आणि शिंजिराची मादी पाळीपाळीने पाणी प्यायला येत होती. खिडकीला जाड पडदा असल्याने घरात कुणाला पत्ता नव्हता.

पाखरांना साठलेल्या पाण्यापेक्षा हलणारं, गळणारं पाणी लवकर दिसतं. म्हणून मातीच्या माठाला तळाशी बारीक भोक पाडून त्यात सुती वात घातली, माठ निंबाच्या फांदीला टांगला आणि थेंब खालच्या परातीत पडतील असं केलं. परात उथळ, मातीची, आतून खरबरीत. पाण्याची खोली कडेला बोटाच्या एका पेराएवढी, मध्ये दोन पेरांची; मध्ये एक खडबडीत दगड. चकचकीत स्टीलची पसरट थाळी आप्पांनी आधी ठेवून पाहिली होती, पण तिच्यावर पाय घसरतात आणि उन्हात पाणी तापतं.

कूलरचंच पाणी वापरावं असं मुलाने सुचवलं. नाकारलं. कूलरच्या टाकीत बाष्पीभवनाने क्षार वाढत जातात आणि बरेच जण त्यात वासाचं काहीतरी टाकतात.

जागेवर खरी चर्चा झाली. आप्पांना परात ओट्यासमोर हवी होती, चहा घेताना दिसावी म्हणून. कॉलनीत दोन मांजरी होत्या. परात झुडपाला चिकटून ठेवली तर मांजर त्याच झुडपात दबा धरते. अगदी उघड्यावर ठेवली तर शिक्रा हा शिकारी पक्षी येतो आणि लहान पाखरं उतरतच नाहीत. शेवटी निंबाच्या सावलीत, कमरेएवढ्या उंच दगडी खांबावर, जवळच्या झुडपापासून सहा-सात फुटांवर ती गेली. ओट्यावरून दिसत नव्हती. आप्पांनी आपली खुर्ची मागच्या दाराशी हलवली. घरातल्या माणसाने पाखरांच्या सोयीसाठी आपली जागा सोडण्याची ही पहिली वेळ, आणि माझ्या मते सगळं प्रकरण इथे वळलं.

राहिला पाणीटंचाईचा आणि डासांचा मुद्दा. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यात पाखरांना कुठून, असं समोरच्यांनी विचारलं. परातीत मावतं दोन लिटरच्या आसपास. रोज सकाळी ते केळीच्या बुडाशी ओतायचं आणि नवं भरायचं, म्हणजे वाया काहीच जात नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. रोज बदललेल्या पाण्यात ते जमत नाही. मात्र अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून नारळाच्या शेंडीने परात घासणं जिजींनी कामात धरलं. साबण नाही.

निर्णय ३: काय लावायचं

नर्सरीवाल्याने दाखवलेली पहिली झाडं ताडाची आणि दुहेरी पाकळ्यांच्या जास्वंदीची. भरगच्च दुहेरी फुलात शिंजिराला मधापर्यंत पोचणं अवघड जातं. एकेरी पाकळीची साधी जास्वंद बरी. भिंतीच्या आडोशाला, जिथे गरम वारा थेट लागत नाही, तिथे केळीचे दोन कंद. हे ऐकून आप्पा हसले, कारण तापीकाठच्या सगळ्या शिवारात केळीच. पण मळ्यात घड पडला की केळफूल कापून टाकतात. अंगणात ते तसंच लोंबू द्यायचं. त्याच्या पाकळ्यांखालच्या फुलांत मध भरपूर असतो आणि शिंजिराची बाकदार चोच तिथे नेमकी जाते.

बाकी झाडं मोजकी: अडुळसा, डाळिंब, शेवगा, एक तुती, कढीपत्ता, आणि निंबावर चढवलेली गुळवेल, जिची लाल फळं बुलबुल खातात. परदेशी असूनही हमेलियाचं एक झुडूप घेतलं, कारण ते जवळपास वर्षभर केशरी नळीसारखी फुलं देतं आणि पहिल्या वर्षी, बाकीची झाडं वाढेपर्यंत, तेवढाच आधार होता. घाणेरी नको असं ठरलं. तिची फळं पाखरं आवडीने खातात, पण बी दूरवर पडतं आणि सातपुड्यातल्या जंगलाला तिने आधीच पुरेसं ग्रासलं आहे.

सगळ्यात लांबलेली चर्चा बांडगुळावर झाली. निंबाच्या एका फांदीवर बांडगुळाचा झुबका होता. आप्पांनी नोकरीभर शेतकऱ्यांना बांडगूळ दिसलं की छाटा म्हणून सांगितलेलं, आणि स्वतःच्या दारात ते राखायचं म्हणजे फारच झालं. पण बांडगुळाच्या फुलांवर शिंजीर येतो आणि फळांवर फुलटोच्या, अंगठ्याएवढा पक्षी, जो चिकट बी फांदीवर पुसून पुसून बांडगूळ पसरवतो. निंब जुना, धट्टाकट्टा. एक झुबका ठेवायचा, दुसरा दिसला की काढायचा, असं ठरलं. ते आजही पूर्ण पटलेले नाहीत.

निर्णय ४: पेव्हर ब्लॉक की पाचोळा

झाडं लावायला कुणाचीच हरकत नव्हती. भांडण झालं ते कचऱ्यावरून.

दयाळ, चीरक, नवरंग ही जमिनीवर चरणारी पाखरं. त्यांना मऊ माती, वाळकी पानं आणि त्याखालचे किडे लागतात. मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना किडेच भरवतो. म्हणजे अंगणात किडे हवेत, किड्यांसाठी पाला हवा, आणि रोज सकाळी खराट्याने लख्ख झाडलेल्या अंगणात हे काहीच राहत नाही. जिजींच्या दृष्टीने न झाडलेलं अंगण म्हणजे घरची अब्रू गेली. मुलाचं म्हणणं होतं की पाचोळ्यात साप-विंचू होतील. ते खोटं नव्हतं. आपल्याकडे घोणस, मण्यार दोन्ही आहेत, आणि दाराशी पाचोळा ठेवा असं सांगणारा पक्षीप्रेमी बेजबाबदार म्हणावा लागेल.

म्हणून अंगणाचे दोन भाग केले. पुढचं अंगण आणि दारापासून नळापर्यंतची वाट फरशीची, रोज झाडलेली, रात्री दिवा असलेली. निंबाच्या मागे, कुंपणाच्या कोपऱ्यात, दहा बाय पंधरा फुटांच्या तुकड्यात निंबाचा पाला पडेल तसा राहणार. तिथे रात्री कुणी जायचं नाही आणि पाचोळ्यात हात घालायचा नाही. पुढचा पालाही झाडून जाळण्याऐवजी तिकडेच जाऊ लागला. पेव्हर ब्लॉक फक्त गाडी लावण्याच्या जागेत आले. मुलाला हा निम्मा विजय वाटला, आप्पांनाही निम्माच.

त्याच कोपऱ्याच्या कडेला पावसाळ्यात उगवणारं गवत दिवाळीपर्यंत कापायचं नाही, म्हणजे बी धरेल, असंही ठरलं. फवारणीचा मुद्दा आप्पांना सर्वांत जड गेला. कागदी लिंबावर अळी दिसली की हात पंपाकडे जायचा. जास्वंदीवरचा पांढरा पिठ्या ढेकूण पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचा आणि लिंबाची काही पानं फुलपाखराच्या अळ्यांना सोडायची, यावर तडजोड झाली. पुढे शिंपी त्या अळ्या टिपताना दिसला आणि पंपाचा विषय मागे पडला.

आखाजीचा झोका

दुसऱ्या उन्हाळ्यात शिंजिराच्या मादीने घरटं बांधलं. कोळ्याचं जाळं, सालीचे तुकडे, कापूस यांची लोंबती पिशवी, बाजूला दार आणि दारावर छोटी पडवी. बांधकाम जवळजवळ सगळं मादीचंच असतं. पण तिने जागा निवडली ती निंबाच्या खालच्या फांदीच्या टोकाची, जिथे दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधला जातो. मुलगी माहेरी येणार होती, नाती येणार होत्या.

घरटं सोडवून दुसऱ्या फांदीला बांधू, असं एकाने सुचवलं. तसं केलं की मादी बहुतेक वेळा घरटं सोडून देते, आणि कायद्यानेही ते चालत नाही. झोका बांधू पण कमी खेळू, हे पोरींच्या बाबतीत शक्य नव्हतं. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना लागतो, म्हणजे सण तर त्यातच जाणार. शेवटी ओट्याच्या स्लॅबला दोन कड्या बसवून झोका तिथे गेला. मुलगी रुसली नाही असं नाही. आखाजीला झोका निंबालाच, असं तिचं म्हणणं होतं आणि ते रास्तही होतं.

दोन पिल्लं उडाली. त्याच महिन्यात बोगनवेलीतल्या बुलबुलाच्या घरट्यातली पिल्लं मात्र भारद्वाजाने नेली. भारद्वाज दिसला की जिजी हात जोडायच्या, दिवस शुभ जातो म्हणून. त्या दिवशी त्यांनी काय करावं हे त्यांनाच सुचेना. हाकलावं का, असं आप्पांनी विचारलं. हाकलू नये असंच सांगितलं. घरटी झाली की घरटी खाणारेही येणार, आणि बुलबुल हंगामात पुन्हा घरटं करतात.

काच

नव्या घराच्या पुढच्या बाजूला आरसा वाटावी अशी काच होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर शिंजीर तीत स्वतःलाच प्रतिस्पर्धी समजून दिवसभर टोचा मारायचा, गाडीच्या आरशांवरही. आरशांना जुने मोजे चढवले, घरात त्याची गंमत झाली, आणि काचेकडे कुणी गंभीरपणे पाहिलं नाही.

जूनच्या सुरुवातीला, पाऊस तोंडावर असताना, एक नवरंग त्या काचेवर आदळला. हिरवी पाठ, शेपटीखाली लाल, डोळ्यावर काळी पट्टी: यादीतला पक्षी, ओट्यावर बेशुद्ध. नवरंग याच सुमारास, विणीच्या आधी, रात्री प्रवास करत या बाजूला सरकतात आणि थकून गावांत उतरतात. घरात धावपळ झाली, कुणी चोचीत पाणी घालायला निघालं. ते थांबवलं, कारण पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. भोकं पाडलेल्या बुटाच्या खोक्यात मऊ कापड घालून त्यावर ठेवलं, झाकण लावलं, अंधाऱ्या शांत खोलीत खोकं ठेवलं आणि नातवाला फोटोसाठी झाकण उघडू दिलं नाही. तासाभराने आत खडखड ऐकू आली. खोकं निंबामागच्या कोपऱ्यात नेऊन उघडलं, आणि तो पाचोळ्यात उतरून दिसेनासा झाला.

त्या आठवड्यात काचेला बाहेरच्या बाजूने उभ्या पांढऱ्या दोऱ्या लावल्या, दोन-दोन इंचांवर. आतून पडदा लावून किंवा ससाण्याचं एक स्टिकर चिकटवून भागत नाही. पाखराला बाहेरूनच काच दिसायला हवी आणि मोकळ्या जागा लहान हव्यात.

काय आलं, काय नाही आलं

आज त्या अंगणात शिंजीर कायमचे आहेत. पावसाळ्यानंतर नराचा जांभळा-निळा रंग उतरतो, तो मादीसारखा फिकट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. त्या काळात आप्पांना वाटलं होतं की नर निघून गेले. चष्मेवाले पक्षी थव्याने गळत्या माठाखाली अंघोळ करतात. सुभग निंबात शीळ घालतो. दयाळाची जोडी पाचोळ्यामुळे आली असं मला वाटतं, आणि मार्चपासून पहाटे नर निंबाच्या शेंड्यावरून गातो. पुतण्याने मोबाइलवर दयाळाचा आवाज लावून त्याला जवळ बोलवायचा खेळ सुरू केला होता. नर न दिसणाऱ्या शत्रूला हाकलण्यात अर्धी सकाळ घालवू लागला, तेव्हा आप्पांनीच तो बंद पाडला.

स्वर्गीय नर्तक हिवाळ्यात काही दिवस आला. लांब पांढरी शेपटी असलेला नर नव्हे, तांबूस आखूड शेपटीचा. दुपारी परातीवर झेप घेऊन अंग ओलं करायचा. आप्पांनी आधी त्याला बुलबुल समजून दुर्लक्ष केलं होतं. हळद्या निंबात येतो, आवाज देतो, पानांत दिसतो न दिसतो.

लाल मुनिया आली नाही. तिला पाणथळीच्या कडेचं उंच गवत, लव्हाळं लागतं. तापीकाठी ती आहे, मुरुमाच्या कॉलनीत येण्याचं तिला कारण नाही. बी धरलेल्या गवतावर तिच्याऐवजी करड्या-पांढऱ्या चांदी मुनिया आल्या. आप्पांनी यादीतून लाल मुनिया खोडली नाही, पण पावसाळ्यात नदीकडे जाऊन ती पाहून आले.

शेजारणीशी संबंध सुधारले. समोरच्यांनी माठ टांगला. पुण्याचा मुलगा अजूनही मागच्या कोपऱ्याला उकिरडा म्हणतो.

पुन्हा करायचं तर

क्रम बदलायला हवा होता. काच सगळ्यात आधी, झाडं लावण्याच्याही आधी. पाखरं बोलवायची आणि त्यांच्या वाटेत आरसा उभा ठेवायचा, हे उलटं झालं. नवरंग वाचला तो नशिबाने.

मुरूम काढून पोयटा भरण्याचं काम पहिल्या पावसाळ्याआधी झालं असतं तर वर्षभर वाचलं असतं. दाबलेल्या मुरुमात लावलेला अडुळसा आणि तुती पहिल्या वर्षी नुसती जगली, वाढली नाहीत. केळीला खड्डे मोठे घेतले होते, म्हणून ती आठ-नऊ महिन्यांत फुलली.

झोक्याचा पेच टळला असता, असं मला वाटत नाही. घरटं कुठे होईल हे कुणाच्या हातात नसतं. फक्त स्लॅबच्या कड्या बांधकामातच बसवल्या असत्या तर मुलीची समजूत काढायला चार दिवस जास्त मिळाले असते.

सर्वांत मोठी गोष्ट अंगणाबाहेरची आहे. या सगळ्या आखणीत पूर्वेच्या रिकाम्या प्लॉटचा विचार कुणी केला नाही, आणि खरं तर अर्धी पाखरं तिथे राहत होती, इथे फक्त पाण्याला येत होती. बोरीत सातभाई, बाभळीत नाचण, गवतात वटवट्या. तो प्लॉट गेल्या हिवाळ्यात विकला गेला. नव्या मालकाने जेसीबी सांगितला तेव्हा आप्पा बाजरीची दोन कणसं आणि केळीची फणी घेऊन भेटायला गेले. बाभूळ गेली, घाणेरी गेली. बोर कुंपणाच्या रेषेवर होती, ती ठेवायला मालक तयार झाला. अट एवढीच, की काटे आणि पाला दोन्ही बाजूंचा आप्पांनी उचलायचा. दोन्ही प्लॉटच्या मधल्या भिंतीचा पाया बोरीच्या मुळापासून किती लांब घ्यायचा, यावर सध्या गवंड्याशी बोलणी चालू आहेत.